ढिम्म हरत नाही

४ मार्च
वाचनालयात जाऊन तक्रार केली. मासिकांचं कपाट हलवून तिथे मोठा स्क्रीन लावलाय, समोर दोन खुर्च्या. पेन्शनर माणसं भर दुपारी हातात बटणांचं यंत्र धरून अक्राळविक्राळ प्राण्यांच्या मारामाऱ्या लावतात. वर मोठ्याने हसतात. ग्रंथपालबाई तिशीची असेल. केसांत पेन्सिल खोवलेली. म्हणाली, आजी, एकदा खेळून तर बघा, मग तक्रार करा.
आजी! लग्न केलं नाही, मूल नाही, आणि थेट नातवंडं. मॅडम म्हणायला सांगितलं.
अर्थात तिचा मुद्दा तत्त्वतः बरोबर. टेलिफोन कंपनीच्या तक्रार विभागाची मी प्रमुख होते. पुराव्याशिवाय तक्रार म्हणजे रडगाणं, हे मीच लोकांना सांगत आले.
पुरावा गोळा करायला उद्या पुन्हा जावं लागेल. इलाज नाही.

५ मार्च
नियम सोपे आहेत. प्रत्येकाने एक प्राणी घ्यायचा. पाळीपाळीने एकेक चाल करायची. ज्याचा जीव आधी संपेल तो हरला. मध्येच उठून गेला तरी हरलाच. ज्येष्ठांची एक लीग चालू होणार आहे.
सगळ्यांना आग ओकणारे, पंखवाले, दात विचकणारे प्राणी हवेत. वयाची लाज नाही. मी तळाच्या रांगेतला एक निवडला. राखाडी, गुबगुबीत, डोळे अर्धवट मिटलेले. पावसात राहिलेल्या गादीसारखा दिसतो. त्याच्याकडे तीनच चाली. समोरच्याला विष लावणे. कवच ओढून बसणे. स्वतःला मलमपट्टी करणे. विष एकदा लागलं की समोरचा आपोआप खंगत जातो. हा फक्त बसून राहतो.
ग्रंथपालबाई म्हणाली, मॅडम, याच्याशी खेळायला लोक कंटाळतात हो. मी म्हटलं, कंटाळा हा कंटाळणाऱ्याचा दोष. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर सुपीरियर हेच सांगायच्या, फक्त इंग्रजीत आणि पट्टी हातात घेऊन.
नाव ठेवलं ढिम्म.

९ मार्च, सकाळ
टोस्ट खाताना धाकटीने विषय काढला. मागच्या गल्लीतले घड्याळवाले तिला लग्नाचं विचारतायत. विधुर. माणूस सभ्य आहे, नखं स्वच्छ असतात, हे मान्य. पण माझी बहीण साठी उलटलेली! मेअखेर ते दुकान बंद करून समुद्राकाठच्या आपल्या घरी राहायला जाणार. हिने बरोबर यावं असं त्यांचं म्हणणं.
धाकटी म्हणाली, ताई, आपण दोघींनी जन्म एकत्र काढला. तू मनापासून हो म्हण, म्हणजे मी जाईन. तुला दुखवून नाही जायची.
मी नाही म्हटलं नाही. हे इथे स्पष्ट लिहून ठेवते. मला उठसूट नाही म्हणायची सवयच नाही. विचार करून सांगते म्हटलं. निर्णय घ्यायला मला कधीच वेळ लागत नाही. फक्त घाई केलेली चालत नाही.
गुडघा दुखतोय असंही सांगितलं. धाकटीने लगेच शेकायची पिशवी आणली. जन्मभर प्रसूतीगृहात नर्स होती. कोणी कण्हलं की हातातलं टाकून उठते. विषय तिथेच राहिला.

१३ मार्च
पहिला सामना. समोर निवृत्त बसड्रायव्हर. आवाज असा की मी मनात नाव ठेवलंय हॉर्न. त्याचा लाल ड्रॅगन. आल्या आल्या आग. ढिम्मने कवच ओढलं. मग विष लावलं. पुन्हा आग. ढिम्मने मलमपट्टी केली. आग, कवच. आग, मलमपट्टी. हॉर्न ओरडायला लागला, अहो बाई, मारा की काहीतरी! मी शांतपणे म्हटलं, तुमच्या म्हणण्याची नोंद घेतली आहे.
थोड्या वेळाने त्याने यंत्र आपटलं आणि उठला. स्क्रीनवर आलं, समोरच्याने सामना सोडला, तुम्ही विजयी.
टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. लोक भारावून जातात तेव्हा असंच होतं.
जाता जाता हॉर्नने मला ओळखलं. म्हणाला, तरीच! तक्रार खिडकीच्या मागे तुम्हीच बसायचात. माझा फोन अजून बंद आहे बाई. मी म्हटलं, म्हणजे तक्रार अजून विचाराधीन आहे. माझ्या कारकिर्दीत एकही तक्रार फेटाळली गेली नाही. कोणालाही विचारा.
ता. क. प्रत्येक चालीच्या बटणाखाली एक बारीक आकडा दिसतो. चाल केली की कमी होतो. बहुधा बॅटरी.

१९ मार्च
ग्रंथपालबाई आकड्यांबद्दल काहीतरी सांगायला आली होती. तिला थांबवलं. म्हटलं, मी एका आख्ख्या विभागाची बॅटरी सांभाळली आहे. तिला कळलं नाही. आजच्या पिढीत विनोदबुद्धी नाही.

२ एप्रिल
गेल्या आठवड्यात धाकटीने पुन्हा विचारलं. मी म्हटलं, आधी घराचं रंगकाम काढायचंय, त्या धबडग्यात असले विषय नकोत. रंगारी बोलावला. त्याने भिंत खरवडून पाहिली आणि म्हणाला, काकू, रंग चांगला आहे की. मी म्हटलं, ते मी ठरवीन. परवा परत ये.
सांगितल्याप्रमाणे तो परत आलाही. मला छटा पसंत पडेना. अशा बाबतीत मी तडजोड करत नाही.
लीगमध्ये दुसरा विजय. समोर शिंपीणबाई. त्यांचा वाघ विषाने अर्धमेला झाला आणि त्यांना एकदम आठवलं की दुकानात गिऱ्हाईक थांबलंय. गेल्या. माणसं किती सहज बहाणे करतात! सरळ उभं राहून, मला जमत नाही, असं म्हणायला काय होतं? पण त्यालाही डिसिप्लिन लागतं.

११ एप्रिल
घड्याळवाले घरी आले. चहा घेतला. बोलतात कमी. मला म्हणाले, ताई, तुमच्या मनात काही शंका असेल तर विचारा. मी विचारलं, समुद्राच्या हवेने घड्याळं गंजत नाहीत का? म्हणाले, गंजतात, मग पुसायची.
उत्तर तोडीस तोड होतं. त्यामुळे मला खोकला आला. आत जाऊन पडले. बाहेर दोघं हळू आवाजात हसत होती. माझ्या खोकल्याला नसावीत.

१८ एप्रिल
दंतवैद्याला हरवलं. त्यांना पेशंटचा फोन आला, कोणाची तरी दाढ ठणकत होती. निघताना म्हणाले, मॅडम, तुमच्याशी खेळण्यापेक्षा ती दाढ बरी. कौतुक करायची एकेकाची पद्धत.
आता माझा दबदबा आहे. मी वाचनालयात शिरले की माणसं पुस्तकांच्या कपाटांमागे जातात. बऱ्याच दिवसांनी वाचायला लागली आहेत. हे श्रेय कोणी मला देणार नाही.

२३ एप्रिल, संध्याकाळ
धक्का. धाकटीनेही लीगमध्ये नाव दिलंय, उशिरा आलेल्यांनाही घेतात म्हणे. मला न विचारता! म्हणाली, ताई, तू दिवसभर तिथे असतेस, घरी एकटीने काय करू? मग तिथे येऊन बसते, तुझी सोबत होईल.
प्राणी कोणता निवडला म्हणून विचारलं. लोखंडाची कोंबडी. कारण काय? तर गोड दिसते. हिला पहिल्या सामन्यातच अपमान सोसावा लागणार. मोठ्या बहिणीच्या नात्याने सावध केलं. म्हणाली, हरले तर हरले ग.
असल्या वृत्तीने काय जिंकणार.

३ मे
धाकटी जिंकते आहे. तिची कोंबडी काहीच करत नाही, नुसती टुकटुक चोच मारते. धाकटी मांडीवर विणकाम घेऊन बसते. एक चाल, चार टाके. समोरचा विचार करत बसला की त्याच्या मुलाबाळांची चौकशी करते. हॉर्न तिच्याशी हरला आणि चक्क हसत उठला. वर म्हणाला, सिस्टर, पुन्हा खेळू हं. माझ्याशी हरला तेव्हा यंत्राची दोन बटणं निखळली होती.
खेळात गांभीर्य उरलं नाही.

७ मे
धाकटी सकाळी समोर येऊन बसली. विणकाम हातात नव्हतं, म्हणजे मामला गंभीर. म्हणाली, ताई, घड्याळवाल्यांनी दुकानाच्या मालकाला कळवून टाकलं. महिनाअखेरीला किल्ली द्यायची. मला काहीतरी सांग ना ग आता.
मामेबहिणीला विचारू म्हटलं. म्हणाली, विचारलं, तिला आनंद झाला. गुडघा म्हटलं. म्हणाली, कालच तू तीन जिने चढून आलीस, लिफ्ट चालू असताना. रंग म्हटलं. ती भिंतीकडे बघत राहिली.
तेव्हा मी दिलदारपणे शब्द दिला. लीग संपली की त्याच दिवशी उत्तर. धाकटीने माझा हात दाबला. तिचे डोळे भरून आले होते. मला कोणी इतक्या सहज खूश होणारं आवडत नाही, जबाबदारी वाटते.

१० मे
अंतिम सामना कोणाचा, तर माझा आणि धाकटीचा. परवा ठेवलाय.
ग्रंथपालबाईंना काही त्रुटी दाखवून दिल्या. खुर्च्यांची उंची सारखी नाही. खिडकीतून स्क्रीनवर ऊन येतं. सख्ख्या बहिणींनी एकमेकींशी खेळावं की नाही याबद्दल नियमांत काहीच म्हटलेलं नाही. सामना पुढे ढकलला. योग्यच झालं. न्याय हा घाईत होत नाही.

१५ मे
नव्या खुर्च्या आल्या. रंग डोळ्यांना खुपतो.

१९ मे
पडदा लावला. आता अंधार फार. ग्रंथपालबाई कधी नव्हे ते आवाज चढवून म्हणाली, मॅडम, बाकी सगळी लीग संपली, फक्त तुमच्यामुळे अडलीय. हॉर्न कोपऱ्यातून म्हणाला, रांगेत ये पोरी, माझा फोन आधी.
सगळे हसले. धाकटी हसली नाही. तिने सुई-दोरा काढून पडद्याची कड थोडी दुमडून टाके घातले. पुरेसा उजेड आला. नर्स लोकांना दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायची सवयच असते.

२४ मे
अंतिम सामना झाला. जे घडलं ते क्रमाने लिहिते, म्हणजे माझी बाजू स्पष्ट राहील.
सगळे जमले होते. घड्याळवाले मागच्या ओळीत. ढिम्मने नेहमीप्रमाणे विष लावलं. स्क्रीनवर आलं, लोखंडावर विषाचा परिणाम होत नाही. चूक असेल म्हणून पुन्हा लावलं. पुन्हा तेच. कितीदा लावलं! अर्ज परत आला म्हणून कोणी अर्ज करायचं सोडत नाही.
कोंबडीने चोच मारली. ढिम्मने मलमपट्टी केली. चोच, कवच. चोच, मलमपट्टी. मला काळजी नव्हती. माझा अनुभव असा की या टप्प्यावर समोरच्याला काहीतरी आठवतं. गिऱ्हाईक, दाढ, दूध उतू जाणं.
धाकटीला काही आठवेना. ती विणत होती. लोक चहा पिऊन आले. दंतवैद्य दवाखान्यात जाऊन परत आले. मी म्हटलं, कंटाळली असशील तर ऊठ, मला वाईट वाटणार नाही. म्हणाली, सावकाश होऊ दे ताई. पहिलटकरणीला वेळ लागतोच. आम्ही काय, उशाशी बसायची माणसं.
आणि मग मलमपट्टीचं बटण करडं झालं. दाबलं जाईना.
ग्रंथपालबाईंना म्हटलं, बॅटरी संपली, चार्जर आणा. ती माझ्याजवळ वाकली आणि हळूच म्हणाली, मॅडम, ती बॅटरी नाही हो. प्रत्येक चाल मोजून तेवढ्याच वेळा करता येते. मी सांगायला आले होते. आणि तुमच्यासमोर आजवर इतका वेळ कोणी थांबलंच नाही, म्हणून तुम्हाला कळलं नाही.
हा नियम आधी सांगायला हवा होता.
मग कवच करडं झालं. मग विषही. मला वाटलं, आता ढिम्म नुसता बसेल. त्याला तेवढं छान जमतं. पण स्क्रीनवर आलं, ढिम्मकडे आता काही उरलं नाही. आणि तो आपणहून उठला, पहिल्यांदाच उठला, आणि जमिनीवर डोकं आपटायला लागला. एकदा आपटलं की त्याचाच जीव थोडा कमी. माझी पाळी आली की पुन्हा. मी काही दाबतही नव्हते.
धाकटीने चोच मारायचं थांबवलं. तिची कोंबडी नुसती पिसं साफ करत उभी राहिली. खोलीत कोणी हसत नव्हतं. हॉर्न शेजारी येऊन म्हणाला, बाई, सोडा आता, उठा. तेही हळू आवाजात. त्याला हळू बोलता येतं हे मला माहीत नव्हतं.
मी सामना सोडत नाही. शेवटपर्यंत पाठ सरळ ठेवून बसले. ढिम्म स्वतःच्याच हाताने संपला.
थोडक्यात, मला कोणीही हरवलेलं नाही.

२५ मे
ग्रंथपालबाईंकडे आक्षेप नोंदवला. कोंबडी लोखंडाची असणं निसर्गाविरुद्ध आहे. ती म्हणाली, विचार करून सांगते मॅडम. कोणाकडून शिकते असं बोलायला?
उत्तर देण्याबाबत. लीग संपली त्याच दिवशी उत्तर, असा शब्द दिला होता. पण आक्षेप नोंदवल्यामुळे लीग तांत्रिकदृष्ट्या संपलेली नाही.
धाकटीने विचारलं नाही.

२७ मे
आजही विचारलं नाही. दिवसभर तिच्या समोरून ये-जा केली. विचारलं असतं तर सांगण्यासारखं बरंच होतं. शेवटी मीच म्हटलं, गुडघा फार दुखतोय.
म्हणाली, तो मार्चमध्ये झाला ना ताई.
रागाने नाही. एखाद्या बाळाच्या आईला आपण सांगतो ना, हे दुपटं वापरून झालं, दुसरं घ्या, तसं. मग स्टुलावर चढून माळ्यावरची सूटकेस काढली.
छातीत धडधड होतेय म्हटलं. ती सूटकेस ठेवून आली, नाडी पाहिली, बराच वेळ मनगट धरून बसली. म्हणाली, छान चाललंय. माझ्यापेक्षा जोरात चाललंय. मनगट मात्र लगेच सोडलं नाही.
खोकल्याचा प्रयत्न मी केला नाही. काही गोष्टी राखून ठेवाव्यात. तसाही तो एप्रिलमध्ये झाला.

३० मे
फ्रिजवर तिने चिठ्ठ्या लावल्यात. गॅसचं बटण कोणत्या बाजूला नीट बंद होतं. लिफ्ट बंद पडली तर कोणाला सांगायचं. माझ्या गोळ्या. हे सगळं मला माहीत आहे. बहुतेक.
जेवताना म्हणाली, ताई, मी वाट बघितली असती ग. अजूनही बघितली असती. पण तुझ्याजवळचं सगळं संपल्यावर तू स्वतःलाच लागून घेतेस, ते मला बघवत नाही. म्हणून मी जाते. तू हो म्हण, नाही म्हण, काही म्हणू नकोस.
मी म्हटलं, सूप खारट झालंय. खारट झालं नव्हतं.
उद्या सकाळी रजिस्ट्रारकडे सही, तिथून थेट स्टेशन. सहीला ये म्हणाली. साक्षीदार म्हणून तुझं नाव दिलंय, ड्रायव्हरकाकांना राखीव ठेवलंय.
मी म्हटलं, बघते.

३१ मे
चष्मा सापडेना. जवळचाही नाही, लांबचाही नाही. धाकटी दारात थांबली होती. घड्याळवाल्यांनी एकदाही घड्याळ बघितलं नाही, हे त्यांच्याबद्दल सांगायला हवं. शेवटी ती आत आली, वाकून माझ्या पाया पडली, आणि माझ्या डोक्यावरचा चष्मा नाकावर बसवून गेली. दार हळू लावलं. आमच्या शाळेत आदळआपट चालत नसे, धाकटीच्या लक्षात आहे.
म्हणजे हॉर्नने सही केली असणार. त्याचं एक तरी काम झालं.
समोरच्याने सामना सोडला की आपण विजयी, असा नियम आहे. मी जरा वेळ खुर्चीतच बसून राहिले. काहीतरी होतं का ते बघायला.

१ जून, सकाळ
सर्व बाजूंनी विचार करून आज निर्णय घेतला. कोणाच्याही दबावाखाली नाही.
माझं उत्तर हो आहे.
केस नीट केले, चांगला ब्लाउज घातला. अशा गोष्टी गाऊनमध्ये सांगायच्या नसतात. स्वयंपाकघराच्या दारात सरळ उभी राहिले आणि स्पष्ट उच्चारात म्हटलं, धाकटे, माझी काही हरकत नाही. तू जा.
कोणी काही बोललं नाही. मी पुन्हा एकदा म्हटलं, जरा मोठ्याने.
मग लक्षात आलं, चहा दोघींचा टाकलाय.